मन्याची साखर आणि आपली घाई

वाचकहो, या सदरात आजवर माणसांच्याच दुखण्यांविषयी लिहीत आलो आहे. आज एका मांजराविषयी लिहिणार आहे. 'डॉक्टरसाहेबांना माणसे पुरेनाशी झाली की काय?' असे ज्यांच्या मनात येईल त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती. कारण मांजराच्या निमित्ताने जी चूक माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि जिच्यात माझाही वाटा आहे, ती चूक माणसांच्या बाबतीतही सहज होण्यासारखी आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. मुले पुण्याकडे नोकरीला, घरात गुरुजी आणि काकू दोघेच. तिसरा मन्या. नऊ वर्षांचा, शस्त्रक्रिया करून घेतलेला, चांगला सहा किलो वजनाचा बोका. गुरुजी माळकरी, त्यामुळे मन्याचे जेवणही सात्त्विक. सकाळी दूधभात, दुपारी दुधात कुस्करलेली पोळी, संध्याकाळी गुरुजींच्या चहाबरोबर बिस्किटे. दिवसभर कट्ट्यावर झोपणे हाच व्यायाम.

गेल्या वर्षी काकूंच्या लक्षात आले की मन्या न्हाणीघरातल्या बादलीला तोंड लावून सारखा पाणी पितो. वाळूची पाटी दिवसातून दोनदा बदलावी लागू लागली. खाणे वाढले, तरी वजन मात्र साडेचार किलोवर आले. अंगावरचे केस निस्तेज झाले. आणि एके दिवशी पाटीभोवती मुंग्यांची रांग दिसली. गुरुजींना स्वतःला पंधरा वर्षांपासून मधुमेह. मुंग्या पाहून ते चपापले. फाटकापाशी येऊन मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मांजरालाही शुगर होते का हो?"

होते. कुत्र्याला होते, मांजरालाही होते. मांजराचा मधुमेह तर माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी बराच मिळताजुळता असतो. लठ्ठपणा, बैठे आयुष्य, वाढते वय, नर असणे आणि शस्त्रक्रिया झालेली असणे या गोष्टी त्याला पोषक ठरतात. खाज किंवा दमा यांसाठी वारंवार दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनीही तो उद्भवतो. फरक इतकाच की मांजर 'मला थकवा वाटतो' असे सांगत नाही. ते पाणी पिते, लघवी करते, वाळत जाते. काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात, कारण साखरेने पायांच्या नसा दुबळ्या होतात. हे दिसले की वेळ बरीच निघून गेली असे समजावे.

मी गुरुजींना उदगीरचा रस्ता दाखवला. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. देवणी गाय आणि लाल कंधारी बैल ही आपल्या भागाची भूषणे, त्यामुळे इकडच्या पशुवैद्यकाचा मुख्य वेळ गाईगुरांत जावा हे स्वाभाविकच. तरी मांजराला हात लावणारा जाणकार डॉक्टर आपल्यापासून फार दूर नाही, हे लोकांना माहीत असावे म्हणून मुद्दाम लिहितो. मन्याच्या रक्तातही साखर भरपूर निघाली, लघवीतही निघाली. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, एक एक युनिट इन्शुलिन सुरू झाले. 'आठवड्याने दाखवा, तोवर डोस बदलू नका,' असे त्या डॉक्टरांनी बजावून सांगितले.

आता खरी गोष्ट सुरू होते.

गुरुजींकडे स्वतःचा ग्लुकोमीटर होता. त्यांनी मन्याच्या कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काढायची कला दोन दिवसांत साध्य केली. मला कौतुक वाटले. पण मग ते दिवसातून चार-चारदा तपासू लागले. सकाळी ३४०, दुपारी २६०, रात्री ३८०. गुरुजींची झोप उडाली. माणसाची साखर ३८० असली तर आपण काय काय करतो, हे त्यांना ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकाचे दोन युनिट केले. पुढच्या आठवड्यात तीन. उदगीरला जाणे 'पुढच्या सोमवारी' वर ढकलले गेले. एका संध्याकाळी दवाखान्यातून परतताना गुरुजींनी मला फाटकापाशी गाठले आणि वही दाखवली. मी घाईत होतो. आकडे पाहिले आणि म्हणालो, "मग वाढवा की अजून एखादं युनिट."

या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. मी पशुवैद्य नाही. मांजराला हात लावला नाही, इन्शुलिनची बाटली पाहिली नाही, सिरिंज पाहिली नाही. रस्त्यात उभे राहून सल्ला दिला. गुरुजींनी चार केले.

त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे काकूंनी माझे दार वाजवले. मन्या स्वयंपाकघरात आडवा पडला होता. अंग थरथरत होते, डोळे उघडे पण नजर नाही, तोंडातून लाळ. गुरुजींनी कसाबसा थेंब काढून तपासले. मीटरवर आकडा होता ३८. कालपर्यंत ३८० होते ते आज ३८!

साखरेचे दाट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळले. तोंडात ओतले नाही, कारण शुद्धीवर नसलेल्या जिवाच्या घशात काही ओतले की ते श्वासनलिकेत जाते. दहा-पंधरा मिनिटांत मन्याने मान उचलली. तरीही तेवढ्यावर न थांबता त्याला टोपलीत घालून उदगीरला नेले, कारण इन्शुलिनचा अंमल अजून संपलेला नव्हता आणि साखर पुन्हा घसरली असती. मन्या वाचला. पण तो वाचला हा नशिबाचा भाग. आपण शिकायचे ते त्यामागचे कारण.

लाल टोपण आणि नारिंगी टोपण

उदगीरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सिरिंज कोणती वापरता?" गुरुजींनी पिशवीतून दोन सिरिंजा काढल्या. एकीचे टोपण नारिंगी, दुसरीचे लाल. सगळा उलगडा तिथेच झाला.

आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन दोन ताकदींचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले. दोन्हींसाठी सिरिंज वेगळी. चाळिसाच्या सिरिंजेला साधारणतः लाल टोपण, शंभराच्या सिरिंजेला नारिंगी टोपण. सिरिंजेवरच्या रेघा त्या त्या ताकदीप्रमाणे आखलेल्या असतात. कुपी एक आणि सिरिंज दुसरी झाली की हिशेब कोसळतो.

मन्याची कुपी चाळिसाची होती. पण गुरुजींनी पहिल्या दिवसापासून दुकानातून मिळाली ती सिरिंज वापरली, ती शंभराची निघाली. शंभराच्या सिरिंजेवरच्या चार युनिटच्या खुणेपर्यंत औषध ओढले तर ते भरते ०.०४ मिलिलिटर. चाळिसाच्या कुपीतून तेवढे औषध म्हणजे फक्त १.६ युनिट. म्हणजे 'चार युनिट देऊनही साखर उतरत नाही' असे गुरुजी म्हणत होते, तेव्हा मन्याला दीड युनिटाच्या आसपासच मिळत होते. सुरुवातीचे 'एक युनिट' तर अर्ध्याहूनही कमी होते. साखर उतरणार कशी?

जुनी सिरिंजांची पुडी संपली. नवी आणली ती लाल टोपणाची, म्हणजे खरी बरोबर असलेली! गुरुजींनी नेहमीप्रमाणे चाराच्या खुणेपर्यंत औषध ओढले. या वेळी मात्र खरोखर चार युनिट गेले. आदल्या दिवसाच्या अडीचपट. साडेचार किलोच्या जिवाला हा डोस जीवघेणा ठरू शकतो. ज्या दिवशी चूक दुरुस्त झाली त्याच दिवशी अपघात झाला.

याच्या उलट चूक त्याहून भयंकर. शंभराची कुपी आणि चाळिसाची सिरिंज अशी जोडी जमली तर 'दहा युनिट'च्या खुणेवर पंचवीस युनिट भरतात. घरात आजोबा असोत की मांजर, परिणाम एकच.

म्हणून माझे पहिले मत असे की, इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येक घराने आज हा अंक खाली ठेवल्याबरोबर कुपी आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून पाहावी. कुपीवर ४० असेल तर सिरिंजेवरही ४० असले पाहिजे. नुसत्या टोपणाच्या रंगावर विसंबू नये, आकडा वाचावा. चष्मा लावून वाचावा. आणि औषध दुकानदार बंधूंना हात जोडून विनंती की, 'इन्शुलिनची सुई द्या' असे म्हणत कोणी आले तर 'चाळिसाची की शंभराची?' एवढे विचारल्याशिवाय ती देऊ नये. गिऱ्हाइकाला सांगता आले नाही तर कुपी घेऊन या म्हणावे. या एका प्रश्नाला पैसा लागत नाही.

आकड्याच्या मागे धावणे

सिरिंजेची चूक सापडली म्हणून गुरुजींची आणि माझी दुसरी चूक माफ होत नाही. ती चूक म्हणजे एकेका आकड्यावर डोस हलवणे.

मांजराची साखर नुसत्या भीतीने वाढते. टोपलीत कोंबले, बसच्या गर्दीतून नेले, कुत्रे भुंकले, अनोळखी माणसाने धरले, की रक्तातली साखर तीनशेवरही जाऊ शकते. मधुमेह नसलेल्या मांजराचीसुद्धा! दवाखान्यातला एकच आकडा पाहून मधुमेहाचे निदान करू नये आणि डोसही वाढवू नये, असे जाणकार पशुवैद्य सांगतात ते याचसाठी. लघवीत साखर आहे का, लक्षणे आहेत का, हे पाहावे लागते. 'फ्रुक्टोसामाइन' नावाची रक्ततपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. ती नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून करता येते.

दुसरे असे की माणसाच्या ग्लुकोमीटरचा मांजराच्या रक्तातला आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण मांजराच्या तांबड्या पेशी आणि रक्तरस यांच्यात साखर वेगळ्या प्रमाणात वाटलेली असते. म्हणून मीटर टाकून द्यावा असे नाही. तोच मीटर रोज वापरला तर चढ-उतार नीट कळतो. पण एका आकड्याला ब्रह्मवाक्य मानू नये.

तिसरे, मांजराच्या बाबतीत आपले माणसाचे आकडे मनातून काढून टाकावेत. माणसाच्या लघवीत साखर उतरू लागते ती साधारण १८० च्या पुढे, मांजराच्या लघवीत ती २५० ते ३०० च्या आसपास गेल्यावर. इन्शुलिनवरच्या मांजराची साखर दिवसाचा बहुतेक वेळ शंभर ते तीनशेच्या दरम्यान राहिली, वजन टिकले, पाणी पिणे कमी झाले, अंग चाटून स्वच्छ ठेवू लागले, तर पशुवैद्य समाधान मानतात. गुरुजी मात्र मन्याला 'उपाशीपोटी शंभर' वर आणायला निघाले होते. हा हट्ट प्रेमापोटी होता, पण हट्टच होता.

मग डोस बदलायचा कशावरून? त्यासाठी एक दिवस घरीच, मांजर शांत असताना, इन्शुलिनच्या आधी एकदा आणि नंतर दर दोन तासांनी पुढच्या इंजेक्शनपर्यंत साखर तपासतात आणि ती वहीत लिहितात. त्यावरून दोन गोष्टी कळतात. साखर सर्वांत खाली किती गेली, आणि औषधाचा अंमल किती तास टिकला. मांजराचे शरीर काही प्रकारचे इन्शुलिन फार लवकर संपवते. जे माणसात बारा तास पुरते ते मांजरात सात-आठ तासांतच ओसरू शकते. अशा वेळी संध्याकाळचा आकडा पाहून डोस वाढवला तर दुपारी साखर धोक्याच्या खाली जाते आणि संध्याकाळी पुन्हा वरच राहते. तिथे उपाय डोस वाढवण्याचा नसतो, इन्शुलिनचा प्रकार बदलण्याचा असतो. हे फाटकापाशी उभे राहून कळत नाही, आलेखावरून कळते.

साखर फार खाली गेली की शरीर घाबरून साठवलेली साखर बाहेर टाकते आणि आकडा उसळी मारतो, हे १९३० च्या दशकात मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञाने दाखवले. त्याच्या नावानेच हा प्रकार ओळखला जातो. आजच्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्शुलिनांवर हे पूर्वी समजले जाई तितके वारंवार घडत नाही, असे अलीकडचे संशोधन सांगते. तरीही 'साखर वर आहे म्हणजे औषध कमीच पडते आहे' असे डोळे मिटून समजू नये, हा धडा आजही खरा आहे.

नवीन डोसला शरीराशी जुळवून घ्यायला किमान आठवडाभर तरी द्यावा. वाढवायचे ते हळू, अर्ध्या किंवा एका युनिटाने, आणि तेही पशुवैद्याला विचारून. घाई करायला मुभा एकाच दिशेने आहे. साखर फार खाली गेली तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगून डोस कमी करायचा.

साखर स्थिर का राहत नाही?

डोस वाढवण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात. मी हा क्रम मुद्दाम लिहून देतो, कारण यात पहिल्या काही गोष्टी फुकटच्या आहेत.

पहिली, सिरिंज आणि कुपी. वर सांगितलेच.

दुसरी, इन्शुलिन खराब झाले का? न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. वीज गेली तर फ्रीज उघडू नये. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेले किंवा पाण्याने ओले राखलेले मातीचे मडके कुपीला पुष्कळ गारवा देते. कुपी मात्र त्यात कोरड्या डब्यात ठेवावी. याहून मोठी चूक म्हणजे बर्फाच्या कप्प्यात ठेवणे. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामीच. मोटारसायकलच्या डिकीत, खिडकीच्या उन्हात कुपी ठेवू नये. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून कुपीला लावावी आणि वेष्टणावर दिलेल्या मुदतीनंतर फेकून द्यावी.

तिसरी, देण्याची पद्धत. गढूळ दिसणारे इन्शुलिन तळहातांत हलके घोळवावे, घुसळू नये. सुई कातडीखाली जाते आहे की नुसती केसांत, हे पाहावे. केस ओले लागले तर औषध बाहेर सांडले असे समजा. पण किती गेले हे नक्की कळत नसेल तर पुन्हा टोचू नये. पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. एक डोस चुकला तर एखादा दिवस साखर चढेल, दोनदा दिला तर जीव जाईल.

चौथी, देणारे हात किती? काकूंनी दिले की गुरुजींनी, असा संशय आला की घोटाळा झालाच. भिंतीवर कॅलेंडर लावावे, देणाऱ्याने दिल्याबरोबर खूण करावी.

पाचवी, खाणे. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी. दूधभात, पोळी, बिस्किटे यांतला पिष्टमय भाग त्याच्या शरीराला पेलत नाही. प्रथिने भरपूर आणि पिष्ट अगदी कमी असा आहार दिला तर इन्शुलिनची गरज घटते. काही मांजरांचे तर लवकर आणि नीट उपचार झाले तर इन्शुलिन काही काळ पूर्ण सुटतेसुद्धा. पण इथेच खबरदारी हवी. इन्शुलिन चालू असताना आहार अचानक बदलला आणि डोस तोच ठेवला तर साखर धाडकन खाली येते. आहार आणि डोस हातात हात घालून बदलायचे, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

माळकरी गुरुजींपुढे हा पेच मोठा होता. घरात अंडेसुद्धा येत नव्हते. मी त्यांना काही सांगणार नव्हतो, धर्माच्या गोष्टीत डॉक्टरने पडू नये. काकूच म्हणाल्या, "त्यानं कुठं माळ घातलीय?" आता शेजारचा मुलगा मन्याचे जेवण उकडून आणून देतो. उकडलेले कोंबडीचे मांस द्यायचे तर कांदा-लसूण-मसाला अजिबात नको, कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत. नुसत्या मांसावरही कायम ठेवू नये, मांजराला लागणारी इतर पोषक द्रव्ये त्यात पुरेशी नसतात. त्यासाठी काय जोडायचे ते पशुवैद्याला विचारावे.

सहावी, लपलेला आजार. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, लघवीतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड यांपैकी काही असेल तर कितीही इन्शुलिन दिले तरी साखर हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांच्या तपासणीत जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मांजरांमध्ये वाढीच्या संप्रेरकाचा दोष असावा, असे २०१५ मध्ये आढळले होते. स्टिरॉइड चालू असेल तर पशुवैद्याला आवर्जून सांगावे.

ज्यांना परवडते त्यांच्यासाठी, माणसांच्या दंडावर चिकटवायची सेन्सरची चकती पशुवैद्य मांजराच्या अंगावरही लावतात. ती सुमारे दोन आठवडे सुई न टोचता आकडे देते. २०२२ आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मांजरांच्या मधुमेहासाठी तोंडाने द्यायची दोन औषधे मंजूर झाली, पण ती आधी इन्शुलिन सुरू झालेल्या मांजरांसाठी नाहीत आणि त्यांचेही धोके आहेत. घरातल्या आजोबांची गोळी मोडून मांजराला घालण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

हे भिंतीवर लावून ठेवा

झोकांड्या, थरथर, एकाएकी फार भूक किंवा विचित्र ओरडणे, झटके, बेशुद्धी ही साखर खाली गेल्याची लक्षणे. शुद्ध असेल तर लगेच खायला द्या. शुद्ध नसेल तर मध किंवा साखरेचे दाट पाणी हिरड्यांना चोळा आणि डॉक्टरकडे न्या. तपासत बसून वेळ घालवू नका. साखर थोडी जास्त झाली तर एक दिवस निभावते, फार कमी झाली तर काही मिनिटांचा प्रश्न असतो.

जेवलेच नाही तर पूर्ण इन्शुलिन देऊ नका, आधी डॉक्टरला फोन करा. आणि खाणे बंद, उलट्या, मलूलपणा, सोबत साखर खूप वर असे असेल, तर रक्तात आम्ल साचत असण्याची शक्यता असते. त्यात घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

यातील बहुतेक गोष्टी इन्शुलिन घेणाऱ्या माणसांनाही लागू आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये.

'मांजरासाठी एवढे?'

मन्याची हकीकत ऐकून एका गृहस्थांनी मला टोकले. म्हणाले, "डॉक्टर, इथं म्हाताऱ्या माणसांना वेळेवर इन्शुलिन मिळत नाही, अन् तुम्ही मांजराचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याला मी दोन उत्तरे देतो.

एक असे की इन्शुलिन माणसाला मिळाले ते जनावरांच्या जिवावर. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे दाखवले. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यानंतर साठ वर्षे जगभरचे मधुमेही गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर जगले. मांजराचे इन्शुलिन तर गाईच्या इन्शुलिनपेक्षा एका कणाच्या फरकाचे. त्या ऋणातला काही अंश एका बोक्याला परत गेला, तर माणसाचे काही घटले असे मी मानत नाही.

दुसरे उत्तर अधिक व्यावहारिक आहे. मधुमेही मांजराला इन्शुलिन म्हणजे रोज दोनदा, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षे. यात्रा नाही, लग्नाला दोन दिवस मुक्काम नाही, निदान दुसरे कोणी शिकलेले नसेल तर नाही. सगळ्यांना ते जमणार नाही. जमणार नसेल तर तसे पशुवैद्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि त्या जिवाला कमीत कमी त्रास कसा होईल हे विचारावे. त्यात कमीपणा नाही. पण सुरू करून मधेच सोडणे, एक दिवस देणे दोन दिवस न देणे, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वाढवणे, हे उपचार न करण्याहून वाईट.

मन्या आता पुन्हा एका युनिटापासून सुरू करून पशुवैद्याच्या सल्ल्याने दोनवर स्थिरावला आहे. सिरिंज लाल टोपणाची, कुपीवरचा आकडा गुरुजी रोज मोठ्याने वाचतात. साखर कधी १५०, कधी २७०. वजन पाच किलोवर आले आहे. बादलीला तोंड लावणे थांबले आहे. मुंग्या गेल्या. गुरुजी आता रोज चारदा तपासत नाहीत, ठरलेल्या दिवशीच तपासतात. "आकडा कमी झाला नाही डॉक्टरसाहेब, पण माझं ब्लडप्रेशर कमी झालं," असे परवा हसत म्हणाले.

मीही एक नियम केला आहे. फाटकापाशी, बसस्टँडवर किंवा लग्नाच्या मांडवात कोणी इन्शुलिनचा डोस विचारला तर उत्तर द्यायचे नाही. 'कुपी आणि सिरिंज घेऊन दवाखान्यात या' एवढेच म्हणायचे. काही मंडळी रागावतात. रागावू द्यावे. गेल्या महिन्यात अशाच एक आजी रागावूनच आल्या, पदराला बांधलेली कुपी आणि सिरिंज टेबलावर ठेवली. कुपी चाळिसाची होती. सिरिंज शंभराची.